सुताचे अकरा वेढे

एकदा एका वृद्ध कारागिराकडे दोन शिष्य वाफेचं इंजिन शिकत होते. कारागिराला सारे तात्या म्हणत. वामन आणि भार्गव या दोन्ही शिष्यांनी वर्षभर खपून एकेक हातभर लांबीची बोट बांधली. तांब्याचा बॉयलर, पितळी सिलिंडर आणि दोन्ही अंगांना वल्ह्यांची चाकं. ज्याची बोट देवळाचं तळं आधी पार करील, त्याला तात्या धातू कातायचा आपला लेथ देणार होते.

खरं सांगायचं तर वामनाच्या डोक्यात लेथपेक्षा भार्गवच अधिक होता. त्याने काय घासलं, कुठे तेल दिलं, सगळं याला तोंडपाठ. वाफ निसटू नये म्हणून भार्गव सिलिंडरात सरकणाऱ्या दट्ट्याला सुताचे नऊ वेढे देतो, हे त्याने आडून मोजलं आणि स्वतःच्या दट्ट्याला अकरा दिले. आता बघतोच त्याच्याकडे, असं मनाशी म्हणाला.

परीक्षेच्या दिवशी भार्गवाची बोट फटफट करीत पलीकडच्या पायरीला लागली. वामनाची मात्र जागची हलेना. बॉयलर फुसफुसत राहिला, दट्ट्या सरकेना. त्याचा चेहरा पडला.

"तुम्ही त्याला काहीतरी वेगळं शिकवलंत, तात्या," तो तोंडावर बोलला.

इंजिनं निवल्यावर तात्यांनी भार्गवाचा दट्ट्या काढला आणि वामनाच्या हातावर ठेवला. "हा जिंकलेला दट्ट्या. घे, बसव तुझ्या बोटीत."

वामन मनोमन हरखला. त्याने दट्ट्या आपल्या सिलिंडरला लावला. तो तोंडाशीच अडला. सूत सोडून पाहिलं, तरी जाईना.

"त्याच्या सिलिंडरचं भोक तुझ्यापेक्षा मोठं आहे," तात्या शांतपणे म्हणाले. "नऊ वेढे त्या भोकाचं माप होतं बाबा. वर्षभर तू त्याचे वेढे मोजलेस. आपल्या सिलिंडरचं भोक एकदा तरी मापून पाहिलंस का?"

वामनाने मान खाली घातली. मग आपला दट्ट्या घेऊन पायरीवर बसला. एकेक वेढा सोडायचा, दट्ट्या आत सरकवून पाहायचा, पुन्हा सोडायचा. सहा वेढे उरले तेव्हा तो लोण्यासारखा सरकला.

संध्याकाळी त्याची बोट तळं ओलांडून गेली. लेथ तोवर भार्गवाच्या घरी पोहोचला होता. वामनाला लेथची आठवण झाली ती दुसऱ्या दिवशी.