तीन कागद

सोनकडी दूध संघाच्या संगणक विभागात पंधरा वर्षं घोलपसाहेबांचा शब्द शेवटचा असे. त्यांचा प्रोग्राम फक्त विंडोजच्या संगणकावर चालायचा. ज्या केंद्रांवर लिनक्स किंवा मॅक होतं, तिथे दुधाची नोंद हातानेच व्हायची. नव्याने आलेल्या तनुजा भोईटेने तिन्हींवर चालणारा प्रोग्राम लिहिला. तेव्हापासून अध्यक्ष उठसूट "तनुजाताईंना विचारा" म्हणू लागले आणि घोलपांच्या पोटात दुखू लागलं.

प्रोग्राम मंजूर करायच्या बैठकीत ते म्हणाले, "सगळीकडे चालतो खरा, पण विंडोज सोडलं तर मराठी अक्षरं बिघडतात. मला नुसतं बघून कळतं. हा प्रोग्राम नको."

तनुजा बाहेर गेली आणि आपल्या प्रोग्राममधून छापलेले एकाच अहवालाचे तीन कागद घेऊन आली. त्यांवर एक, दोन, तीन असे आकडे होते. कोणता कागद कुठल्या संगणकावरचा, हे लिहिलेली चिठ्ठी तिने अध्यक्षांच्या हातात दिली.

"सर, यातला विंडोजवरचा कागद दाखवा. ओळखलात, तर मी प्रोग्राम मागे घेते."

घोलपांनी चष्मा पुसला, तिन्ही कागद निरखले आणि दुसरा पुढे केला. "हा. याला म्हणतात देखणं अक्षर."

अध्यक्षांनी चिठ्ठी उलगडली. "घोलपसाहेब, दुसरा लिनक्सवरचा आहे."

"लिनक्सचं इतकं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं, सर," तनुजा म्हणाली. "आणि विंडोजवरचा कागद तुम्ही आत्ताच नापास केलात."

अध्यक्षांनी हसू दाबत मंजुरीची सही केली. तिच्या कामाला आपणच देखणं म्हटलं, हे मात्र घोलपांना घरी पोहोचेपर्यंत सलत राहिलं.