खिंडीतल्या गावातलं कुंपण

पणजोबांच्या पणजोबांनीही फक्त ऐकलेली, इतकी जुनी ही गोष्ट. दोन बलाढ्य राज्यांच्या मध्ये, डोंगराच्या खिंडीत, एक लहानसं गाव होतं. गावाला दोन आळ्या, वरची आणि खालची. चुली वेगळ्या, बाकी सारं एक. वरच्या आळीत लग्न निघालं की खालच्या आळीतल्या बायका पुरण वाटायला न बोलावता हजर. भांडणंही व्हायची. कुणाचा बैल कुणाच्या जोंधळ्यात शिरला की चार दिवस तोंडं फुगायची, मग पारावर पान खाऊन सगळं मिटायचं. तसे दिवस होते.

हौसाक्का गावची सुईण. राहायची वरच्या आळीत, पण तिची बालमैत्रीण तानूबाई खालच्या आळीतली. गावातलं एकूण एक तरणं पोर हौसाक्काच्याच हातावर जन्मलेलं. वाटेने चालली की दोन्हीकडून हाका यायच्या, "अक्का, आढेवेढे नको, जेवूनच जा!"

उगवतीचा राजा आणि मावळतीचा राजा यांचं हाडवैर होतं. पण दोघेही तुल्यबळ. समोरासमोर भिडायची छाती ना याची, ना त्याची. म्हणून दोघेही खेड्यापाड्यांत आपापली माणसं जोडू लागले. उगवतीच्या राजाने वरच्या आळीला विहीर खणून दिली. ते कळताच मावळतीच्या राजाने खालच्या आळीला धान्याचं कोठार बांधून दिलं. गाव खूश! "दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ," असं जो तो म्हणू लागला.

तानूबाई तेवढी म्हणाली, "हौसे, फुकट कुणी काही देत नाही गं."

"पाणी गोड आहे ना? मग झालं तर!" हौसाक्का हसली.

पुढे विहिरीच्या राखणीसाठी भाले आले. कोठाराच्या राखणीसाठी तलवारी आल्या. एके दिवशी नेहमीसारखाच बैल शेतात शिरला, पण या वेळी पारापर्यंत कुणी गेलंच नाही. भाला चालला. खालच्या आळीतला एक जण पडला, पाठोपाठ वरच्या आळीतले दोन. हौसाक्काने तिघांचीही नाळ कापली होती. गावाच्या मधोमध बाभळीच्या काट्यांचं कुंपण उभं राहिलं.

एका दुपारी कुंपणापलीकडून तानूबाईचा टाहो ऐकू आला. "हौसे, माझी लेक सुभद्रा अडली गं! मूल आडवं आलंय!"

हौसाक्का तशीच धावली. कुंपणाशी वरच्या आळीतलाच रावजी पहाऱ्याला होता. त्याने भाला आडवा धरला.

"अक्का, पाया पडतो, मागं फिरा. पलीकडे कुणाला सोडायचं नाही, राजाचा हुकूम आहे."

"कुठल्या राजाचा रे? तो आला होता का तुझ्या आईच्या उशाशी? तुला या हातांनी जगात आणलंय!"

रावजीची मान खाली गेली. भाला मात्र खाली आला नाही.

हौसाक्का तिथेच मातीत बसली. ओरडून ओरडून सांगत राहिली, "तानू, तिला कुशीवर वळव! पोट चोळ, जोर करू नकोस म्हणावं!" दिवस कलला. पलीकडून बाळाचं रडणं आलं. हौसाक्काने हात जोडले. तेवढ्यात तानूबाईचा हंबरडा आला. बाळ जगलं होतं, सुभद्रा गेली होती.

वर्षं लोटली. दोन्ही राजे म्हातारे झाले, खजिने आटले, लढायची हौस फिटली. एका मोठ्या मंडपात त्यांनी एकमेकांना मिठी मारली, दोघे एका ताटात जेवले. दवंडीवाला गावात आला. "ऐका हो ऐका! दोन्ही महाराजांचं सख्य झालं!"

हौसाक्काने त्याला थांबवलं. "आणि आमचं?"

"तुमचं काय, आजी?"

"आमची माणसं मेली ती तुमच्या राजांपायी. आमचं सख्य कोण करणार?"

दवंडीवाला गोंधळला. "महाराजांना या गावाचं नावही ठाऊक नसेल, आजी. तुमचं भांडण ते तुमचं."

"मग हे भाले?"

"राहू देत तुम्हालाच," तो म्हणाला आणि पुढच्या गावाला निघून गेला.

हौसाक्का कुंपणाशी गेली आणि उघड्या हातांनी काटे ओढू लागली. थोड्या वेळाने रावजी आला. तोही ओढू लागला. वाट झाली तशी ती तानूबाईच्या ओसरीशी जाऊन उभी राहिली.

तानूबाई तिच्या रक्ताळलेल्या हातांकडे पाहत राहिली. "उशीर केलास, हौसे."

"केला गं."

मग तानूबाईने पाण्याचा तांब्या आणला, तिचे हात धुतले, आपल्या पदराने पुसले. सुभद्राची पोर दारात येऊन विचारत होती, "आजी, या कोण?"

पुढे गावात येणं-जाणं सुरू झालं. पण अनोळखी पोर दिसलं की लोक आधी विचारत, "कुठल्या आळीचं?" ते विचारणं गेलं नाही ते नाहीच.

तात्पर्य: थोरांचं वैर उसनं घेऊ नये, ते आपलं मिटवून मोकळे होतात, आपल्या दारातलं मात्र तसंच राहतं.