गेल्या सालच्या केसांना लाडू

"गेल्या सालच्या मानाने यंदा माझे केस शेकडा किती वाढले? उद्या सकाळपर्यंत आकडा सांग, नाहीतर जन्मभर तुरुंगात बस!"

अडबंगसिंह राजाने हुकूम सोडला आणि भिवा न्हाव्याच्या हातातला वस्तराच गळून पडला. गेल्या साली राजाचं डोकं पार गुळगुळीत होतं. यंदा, देव जाणे कसे, टाळूवर तीन केस उगवले. झालं! महाराजांना आभाळ ठेंगणं! त्यात शेजारच्या भोपळगडच्या राजाचा खलिता येऊन पडलेला: 'आमचे केस यंदा शेकडा शंभर वाढले. तुमचं काय?' आता अडबंगसिंहाला त्याच्या वरचा आकडा हवा होता. प्रधानजींना हिशोब जमेना, तेव्हा त्यांनी हात झटकले. म्हणाले, "केसांचं काम न्हाव्याचं!"

भिवा घरी येऊन कपाळाला हात लावून बसला. त्याची लेक ठकू म्हणाली, "एवढंच ना बाबा? जेवून घ्या. उद्या मी येते तुमच्याबरोबर."

सकाळी भरल्या दरबारात ठकूने राजापुढे ताट ठेवलं. ताटात तीन लाडू.

"महाराज, हे तीन लाडू म्हणजे तुमचे यंदाचे तीन केस. शेकडा काढायचा, तर यंदाची वाढ गेल्या सालच्या केसांत वाटावी लागते. तेव्हा वाटा!"

"कुणाला?"

"गेल्या सालच्या केसांना! सारखे वाटा हं, उगाच भांडणं नकोत."

राजाने ताट हातात घेतलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "अगं पोरी, गेल्या साली केस होतेच कुठे?"

"मग एकेकाच्या वाट्याला किती आले?"

"शून्य!" प्रधानजी मध्येच ओरडले.

"शून्य कसे? ताटात तर तिन्ही शाबूत आहेत!"

"मग तीन!"

"अस्सं? खाल्ले कुणी?"

प्रधानजी ताटातले लाडू पुन्हा मोजू लागले. राजा मात्र लालबुंद झाला. "म्हणजे माझी वाढ सांगताच येत नाही? भोपळगडापुढे मी नाक कापून घेऊ? टाका त्या भिवाला तुरुंगात!"

शिपायांनी भिवाची मानगूट धरली. ठकूने आवाज चढवला.

"थांबा! महाराज, भोपळगडच्या राजांची हजामत माझा मामा करतो. त्यांची शेकडा शंभर वाढ म्हणजे काय, ठाऊक आहे? गेल्या साली एक केस होता, यंदा दोन झाले!"

"दोन?"

"दोनच! त्यातला एक पांढरा."

"आणि माझे?"

"तीन! तेही काळेभोर! मग टक्के कशाला कळवता? केसच कळवा की!"

राजा असा खदाखदा हसला, की मुकुट घरंगळून प्रधानजींच्या पायावर पडला. भिवा सुटला, ठकूला नदीकाठचा आमराईचा तुकडा इनाम मिळाला, आणि त्या तीन केसांना रोज तेल चोळायचं काम राजाने प्रधानजींकडे दिलं.