बिनआवाजाचं उडणं

“...मग आता तरी सांगा आबा, हीच बॅटरी योग्य ना?”

अन्वयनं यंत्र माळावर अलगद टेकवलं. गोल पिंजऱ्यात पंखा, त्याला विजेची मोटर, खाली लिथियम सेलची पेटी. हे पाठीला बांधायचं, डोक्यावर कापडी पंख फुगवायचा आणि धावत सुटायचं. बघता बघता जमीन सुटते.

आबांनी पेटीवरून हात फिरवला.

आबा म्हणजे सुभेदार माणिक घोगरे. लष्करात उडायला शिकले, निवृत्त होऊन बार्शीकडच्या आपल्या गावी आले आणि ह्या माळावरून पेट्रोलच्या इंजिनानं उडू लागले. अन्वयला उडायला त्यांनीच शिकवलं. बदल्यात एकच मागितलं होतं.

“तू इंजिनियर आहेस. एखादं बिनआवाजाचं कर. जन्मभर कानाशी इंजिन बोंबलतंय, वर बंद करावं तर पुन्हा सुरू होईलच याचा भरवसा नाही. वरून आपलं गाव कसं ऐकू येतं, ते एकदा ऐकायचंय.”

अन्वय कामाला लागला. पहिली बॅटरी लोह-फॉस्फेटची केली. गुणाची होती, तापायची नाही, पेट घ्यायची भीती नाही. पण जड, आणि तिच्यावर जेमतेम गावाची एक फेरी व्हायची.

“चालेल की,” आबा म्हणाले होते.

“एवढ्याशासाठी तुम्हाला वर पाठवू? माझं नाव जाईल, आबा.”

दुसरी हलकी होती, पण चाचणीतच तापली. ती मोडीत काढली, ते बरोबरच होतं. मग नवे सेल येणार असल्याचं कळलं. ते आले, तोवर त्याहून चांगल्यांची बातमी आली. अन्वय थांबत गेला. दर दिवाळीला माळावर येऊन म्हणायचा, “पुढच्या वर्षी नक्की.” आबा मान डोलवायचे.

आज तो खरंच घेऊन आला होता. हलकी, थंड राहणारी, तासभर चालणारी.

“बांध,” आबा म्हणाले.

पंख अजून जोडला नव्हता. नुसतं धावून बघायचं होतं. अन्वयनं पट्टे आवळले. आबांनी वाऱ्याकडे तोंड केलं, पाऊल उचललं...

गुडघा मुडपला. अन्वयनं धरलं म्हणून पडले नाहीत.



“हलकी आहे रे,” आबा म्हणाले.

“हलकी व्हावी म्हणून तर थांबलो, आबा.”

“हं... गुडघे नाही थांबले.”

अन्वय घाईघाईनं बोलू लागला. “मी चाकांची गाडी जोडतो याला. बसून उडता येईल. फक्त ताकद जास्त लागेल, मोठी बॅटरी लागेल, पुढच्या वर्षी...”

आपलेच शब्द त्याच्या कानावर पडले.

आबांनी पट्टे सोडले आणि यंत्र त्याच्या पाठीवर चढवलं.

“वारा चांगला आहे. जा.”

“तुमच्याशिवाय?”

“जा. नीट ऐक.”

अन्वय पंख जोडून उडाला. उंची गाठून त्यानं मोटर बंद केली. आधी नुसती दोऱ्यांची सळसळ. मग खालून पिठाच्या गिरणीची टकटक आली. कुठेतरी भांडं पडलं. एक बाई कुणाला तरी लांबून हाका मारत होती...

आणि माळावर आबा, मान वर करून उभे. ती जड पेटी तयार झाली तेव्हा हा माणूस धावत होता. एक फेरी पुरली असती.

त्याला पुढे ऐकवेना. त्यानं पंख वळवला आणि उतरला.

“काय ऐकू आलं?” आबांनी विचारलं.

“गिरणी. आणि कुणीतरी कुणाला तरी बोलवत होतं.”

“कुणाला?”

“नाव कळायच्या आत उतरलो.”

“बॅटरी संपली?”

“नाही, आबा.” अन्वयची मान वर होईना. “अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे.”

आबांनी रिकाम्या आभाळाकडे बघितलं.

“मग उतरलास का?”