बगळेसाहेबांचा पंचनामा

समुद्र एका वेळी एकच संकट धाडायचा, तो काळ नुकताच सरला होता. खाडीच्या तोंडाशी पारूबाय नावाची पाणमांजर बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळवून पोट भरायची. वादळ आलं आणि वलांडी बोंबलांसकट आडवी झाली.

पारूबाय बांबू उचलायला गेली, तर एका पायावर उभे असलेले बगळेसाहेब म्हणाले, "भरपाई हवी असेल, तर पंचनामा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही." साहेबांना शिस्त फार. पारूबाय बिचारी पडक्या बांबूंची राखण करत आठ दिवस उपाशी बसली. नवव्या दिवशी उधाण आलं आणि बांबूही घेऊन गेलं.

दहाव्या दिवशी साहेब सवडीने आले. "वादळाने पाडलेली वलांडी दाखवा."

"ती उधाणाने नेली, साहेब."

"म्हणजे वादळाचा पुरावा नाही. बरं, उधाण आलं तेव्हा वलांडी उभी होती?"

"नव्हती. वादळाने आधीच पाडली होती."

"मग उधाणाने काय पाडलं?" साहेबांनी वादळाच्या आणि उधाणाच्या, दोन्ही कागदांवर सुवाच्य अक्षरात 'नुकसान निरंक' लिहिलं.

पारूबायने किनारा धुंडाळून बांबू जमवले आणि वलांडी पुन्हा बांधली. महिन्याभरात पुन्हा वादळ आलं आणि वलांडी आडवी झाली. वारा पडताच तिने वलांडी उभी करून बोंबील टांगले. साहेब आले आणि नाराज झाले. "हात लावलात ना? आता निरंकच लिहावं लागेल."

"लिहा," बोंबील उलटत पारूबाय म्हणाली. "मागच्या खेपेला तेच उपाशी राहून मिळालं होतं."