खोकणारी गाडी आणि केरबाचा इलाज

एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा हे आपलं कौतुकाने म्हणायचं. गाव त्याला अकलेचा कांदाच म्हणे. त्याच्या खुळेपणाला कंटाळून बायको हौसा माहेरी निघून गेली होती. शेवटी सासऱ्यांनी निरोप धाडला, "रविवारी या. शहाण्यासारखं वागलात तर पोरगी पाठवतो."

केरबाने जुनी मोटरसायकल बाहेर काढली. ती खोकायची, तापायची आणि चढाला बंद पडायची. गावातल्या रज्जाक मिस्त्रीकडे नेली. त्याने आवाज ऐकला. "हिला पेट्रोल कमी अन् हवा जास्त मिळतीया. हवा कमी कराय पायजे. उद्या आण, बघतो."

उद्यापर्यंत थांबेल तो केरबा कसला! घरी जाऊन त्याने दोन्ही चाकांतली हवा सोडली. मग घामाघूम होत गाडी ढकलत मिस्त्रीकडे आणली.

"आरं गाढवा, चाकातली न्हवं! कार्बोरेटरपाशी कुठंतरी फट असंल, तिथनं जादा हवा शिरतीया. ती बुजवायची."

केरबाला पटलं. हवा भरून आणून तो फट शोधायला बसला. टाकीच्या झाकणाला बारीक भोक दिसलं. लगेच त्याने ते कणकेने लिंपलं. गाडी देवळापर्यंत गेली आणि गप्प झाली.

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. "त्या भोकानं टाकी श्वास घेती! ते बुजवलंस तर पेट्रोल खाली उतरंल कसं?" त्याने कणीक उकरली, कार्बोरेटर आणि इंजिनामधलं चिरलेलं रबर बदललं. "आता परत खोकली, तापली, तर हा चोक ओढ. तोंडावर झाकण बसतं, हवा कमी जाती, गाडी सुधारती."

रविवारी केरबा सासरच्या वाटेवर घोकत गेला. खोकली, तापली, तोंड झाक. गाडी मात्र एकदाही खोकली नाही. एवढं शिकलेलं फुकट गेलं याचं त्याला फार वाईट वाटलं.

सासरी पोचला तर सासरे खाटेवर पडलेले. अंगात ताप, खोकल्याची उबळ थांबेना. हौसा पिशवी भरून दारात तयार उभी. केरबाचा चेहरा उजळला, पण हौसाकडे बघून नव्हे.

"मामा, तुमाला हवा जास्त हुतीया," असं म्हणत त्याने एका हाताने सासऱ्यांचं नाक आणि दुसऱ्याने तोंड गच्च दाबलं.

संध्याकाळी केरबा एकटाच परत आला. कपाळावर हे एवढं टेंगूळ, पण छाती फुगलेली.

"मिस्त्री, एक नंबर इलाज! मामांचा खोकला जागेवर थांबला. दोन दिस खाटेवर पडलेला माणूस, काठी घिऊन वेशीपतुर माझ्यामागं पळाला!"

"आन् हौसा?"

"तिला पुढच्या खेपेला आणतो. तिची आईबी खोकाय लागलीया, आधी तिचं बघाय पायजे."