खिशातले सत्तावीस दिवस

“आणि समजा, एखाद्याला न मागता फार मोठं धन मिळालं, तर त्यानं काय करावं, आई?”

तुंगाई ओसरीवर घायपाताचा दोर वळत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “हा एखादा कुठल्या गावचा?”

मुकुंद रेठरेकर ओसरीच्या कडेला टेकला.

माणदेशातल्या एका उघड्याबोडक्या टेकडीवर तुंगाईंचा मठ होता. मठ म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी आणि उतारावर एक विहीर. मुकुंद बारा वर्षं दर गुरुवारी तिथं यायचा. आवाज खणखणीत, पाठांतर चोख, म्हणून पोथी वाचायचा मान त्याचाच. वाचता वाचता तो निरूपणही करी. पैसा म्हणजे माती, हे त्याचं आवडतं वाक्य. ते म्हणताना तो समोरच्यांकडे जरा वरून बघायचा.

पण आज गुरुवार नव्हता. भर दुपारी, रजा टाकून तो टेकडी चढून आला होता. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली.

“हे टोक धर,” तुंगाई म्हणाल्या. “दोन्ही हातांनी. आणि पीळ देत राहा.”

त्यानं टोक धरलं. तुंगाई दुसऱ्या टोकाकडून पेड घालू लागल्या.

दहा-बारा वेढे झाले असतील. मुकुंदचा उजवा हात सुटला आणि शर्टाच्या खिशाकडे गेला. पीळ भर्रकन उलगडला.

“पुन्हा धर.”

पुन्हा धरलं. पुन्हा तेच झालं.

तिसऱ्यांदा दोर सुटला तेव्हा तुंगाईंनी हातातलं काम खाली ठेवलं.

“खिशात विंचू आहे का रे?”

मुकुंदनं इकडेतिकडे पाहिलं. टेकडीवर चिटपाखरू नव्हतं. तरी त्यानं आवाज खाली आणला.

“तिकीट आहे, आई. लॉटरीचं... दोन कोटींचं.”

...

सांगायला लागला तसा तो थांबेचना.

तिकीट त्यानं हौसेनं घेतलं नव्हतं. स्टँडवरच्या चहावाल्याकडे सुटे नव्हते. राहिलेल्या पैशांत त्यानं तिकीट हातावर ठेवलं. मुकुंदनं ते डायरीत खुपसलं आणि विसरून गेला. पुढे सोडतीचा निकाल पेपरात आला, तेव्हा आकडे त्यानं सात वेळा ताडून पाहिले. पेपर घडी घालून ठेवला आणि कामावर गेला. कुणाला एक शब्द बोलला नाही.

त्याला आज सत्तावीस दिवस झाले होते. तिकीट तीस दिवसांच्या आत मुंबईच्या कचेरीत द्यायचं होतं.

“घरी सांगितलंस?”

“नाही.”

“का?”

मुकुंद भूमापन खात्यात मोजणीदार होता. सव्वीस वर्षं भावाभावांच्या मधे उभं राहून त्यानं जमिनी मोजल्या होत्या. हातभर बांधासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जाताना पाहिले होते. आईला कुणी सांभाळायचं हे ठरेना म्हणून म्हातारीला बांधावरच बसवून गेलेले दोघे पाहिले होते.

“हातभर जमिनीनं एवढं होतं, आई. मग दोन कोटींनी काय होईल? म्हणून म्हटलं, आधी माणसं पारखून घेऊ.”

“कशी पारखलीस?”

“गमतीगमतीत विचारलं एकेकाला. तुला मोठी लॉटरी लागली तर काय करशील?”

तुंगाईंनी पुढं सांग, अशी मान हलवली.

“हणमंतदादाला विचारलं. माझा थोरला भाऊ. कारखाना बंद पडल्यापासून घरीच बसून असतो, कुणाकडे जात-येत नाही. तो म्हणाला, पहिल्यांदा तुझ्या घरी जेवायला येईन. म्हणजे बघा... मनात पहिलं माझंच घर आलं. डोळा आहे त्याचा.”

“आणि?”

“आणि शालन.” बायकोचं नाव घेताना त्याचा आवाज बारीक झाला. “ती भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला. बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, मी महिनाभर माहेरी जाऊन राहीन. कुणाचा डबा नाही, कुणाची वेळ नाही... एकवीस वर्षं संसार केलाय आम्ही, आई. आणि पैसे मिळाले की ही पहिली मला सोडून जाणार.”

त्याचा हात परत खिशाकडे गेला.

“तेव्हापासून मला घास उतरत नाही. ती फोनवर बोलायला लागली की मी दाराआड उभा राहतो. परवा तिची ट्रंक उघडून बघितली. दादा दोनदा घरी आला, तर मी आत लपून बसलो आणि नाही म्हणून सांगायला लावलं. मला माझीच लाज वाटते. पण राहवत नाही.”

तुंगाईंनी विचारलं, “मग माझ्याकडे काय मागतोस?”

“तुम्ही सांगाल ते करीन. तिकीट फाडू का?”

“फाड.”

मुकुंदनं तिकीट बाहेर काढलं. प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर आणखी एक पिशवी. पिशव्या काढल्या. दोन चिमटींत तिकीट धरलं... आणि तसंच धरून बसला. कपाळावर घाम आला.

“मग वटव.”

“भीती वाटते.”

“मग राहू दे.”

“तीनच दिवस उरलेत, आई.” तो एकदम पुढे सरकला. “तुम्ही घ्या. मठाला दिलं. सगळंच्या सगळं. मला त्यातला पैसाही नको.”

तुंगाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

“आणि मग मी तुला दर गुरुवारी कुठं बसवायचं? माझ्याही पुढं?”

मुकुंदनं मान खाली घातली. तिकीट पुन्हा पिशवीत गेलं, पिशवी खिशात गेली.

ऊन ओसरीच्या पायरीपर्यंत आलं. खाली रस्त्यावरून एक एसटी धूळ उडवत गेली. मुकुंदनं तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

“तू सगळ्यांना विचारलंस,” तुंगाई म्हणाल्या. “तुला कुणी विचारलं का?”

“शालननं विचारलं. तिचं सांगून झाल्यावर. म्हणाली, आणि तुम्ही हो?”

“काय सांगितलंस?”

“म्हटलं... मला काय करायचाय पैसा. माती आहे ती.”

“तेव्हा तिकीट कुठं होतं?”

मुकुंदनं खिशाला हात लावला.

“म्हणजे भावानं खरं सांगितलं. बायकोनं खरं सांगितलं.” तुंगाईंनी दोराचं टोक उचललं. “घरात पारखून घ्यायसारखा एकटाच निघाला. जा आता. बस चुकेल.”

...

दिवेलागणीला तो घरी पोचला. शालन मेथी निवडत बसली होती. त्यानं तिकीट तिच्यापुढे ठेवलं, पेपरची घडी ठेवली आणि समोर उभा राहिला. कोर्टात उभा राहिल्यासारखा.

तिनं दोन्ही वाचलं. मग पेपरावरची तारीख पाहिली. तारखेशी ती बराच वेळ थांबली.

“सत्तावीस दिवस?”

“हो.”

“म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही?”

त्याला कळेना.

“तुम्ही जेवत नव्हता,” शालन म्हणाली. “झोपेत छाती चाचपायचा. मी जवळ आले की खिशावर हात ठेवायचा. मला वाटलं, डॉक्टरांचा कागद लपवताय. मोठं दुखणं निघालंय आणि मला सांगवत नाहीये.” तिच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली होती. “दादाभावजींना मी दोनदा बोलवून घेतलं, तुमच्याशी बोला म्हणून. तर तुम्ही आत लपलात. मला वाटलं, त्यांनाही सांगवत नसेल.”

मुकुंद खाली बसला.

“सत्तावीस दिवस मी तुम्हाला मरताना बघतेय,” शालन म्हणाली. आवाज चढवला नाही. भाजी उचलली आणि आत गेली.

रात्री ती जेवण वाढून बाजूला झाली. सकाळी तिनं एवढंच विचारलं, “मुंबईला कितीची गाडी?”

दोघं मिळून गेली. कचेरीतल्या माणसानं तिकीट उलटसुलट करून पाहिलं, सह्या घेतल्या, पोच दिली. कागदपत्रं तपासून, कर कापून रक्कम खात्यात जमा होईल म्हणाला. दोन-तीन महिने लागतील.

परतीच्या प्रवासात शालन खिडकीशी बसली होती. कराड येईपर्यंत ती बोलली नाही. कराड आलं तेव्हा म्हणाली, “भूक लागलीय.” आणि मुकुंदला एकदम रडू आलं.

...

तीन आठवडे गेले. गुरुवारी मुकुंद मठात आला, पण पोथीसमोर बसला नाही. दुसऱ्या कुणाला वाचायला सांगितलं आणि मागं भिंतीला टेकून राहिला. सगळे पांगल्यावर तो तुंगाईंजवळ गेला.

“आई, आता नवीनच सुरू झालंय. रोज बँकेत जाऊन बघतो, जमा झाले का. पोच घरात ठेवू की बाहेर ठेवू कळत नाही. सहीत काही चूक निघाली तर काय, याचा घोर लागतो. आधी तिकिटाची काळजी होती. आता कागदाची आहे.”

“दादाला सांगितलंस?”

“सांगणार आहे. जेवायलाही बोलावणार आहे. एकदा पैसे हातात आले, की चांगलं मोठं बोलावणं करीन. घर रंगवून घेईन. त्याला काहीतरी देता येईल असं बघून...” तो अडखळला. “आत्ता रिकाम्या हातानं कसं बोलवायचं?”

तुंगाईंनी अंगणात नजर फिरवली.

“शालन नाही आली?”

“माहेरी गेलीय.” मुकुंद म्हणाला. “महिनाभर राहणार म्हणाली. मी पोचवायला गेलो होतो. स्टँडवर तिची आई आली होती न्यायला. दोघी हसत होत्या. मी तिला इतकं हसताना बघितलं नव्हतं कधी.”

“म्हणजे पैसे आले?”

“नाही हो. अजून दोन महिने तरी लागतील. ती थांबली नाही. परवा सकाळी पिशवी भरली आणि निघाली.”

तुंगाई उठल्या. ओसरीच्या खांबाला हात टेकून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

“मग तू कशासाठी थांबलास?”